चुन्याखालचं चित्र

यंदा ऋषिपंचमीला गावी होते. आमचं गाव तासगावपासून जवळच, त्यामुळे दुपारी सगळं घर गणपतीच्या रथाला गेलं आणि संध्याकाळी डोक्यात गुलाल घेऊन परतलं. वहिनीनं मोठ्या पातेल्यात ऋषीची भाजी टाकली होती. अळू, लाल भोपळा, दोडका, मक्याच्या कणसाचे तुकडे, वरून चिंचेचा कोळ. पावसाळी हवेत तो वास ओसरीपर्यंत येत होता. बंगळूरला कलेचा इतिहास शिकणारी माझी भाची बऱ्याच महिन्यांनी घरी आली होती. तिनं फोनवर एक जुनं इंग्रजी व्यंगचित्र काढून सगळ्यांना दाखवलं. किल्ल्याच्या तटावर टिपू सुलतान उभा आहे आणि खाली पळत सुटलेल्या इंग्रज फौजेवर खुशाल लघवी करतो आहे. भाऊ खो खो हसला. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. फोन फिरत फिरत काकांकडे गेला. काका चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “कुठल्या भिंतीवर आहे हे?” भाची म्हणाली, “भिंतीवर नाही आजोबा, कागदावर आहे. लंडनला छापलं होतं, सव्वादोनशे वर्षांपूर्वी.” काकांनी फोन तिच्या हातात ठेवला. “पुसून टाक,” म्हणाले, आणि उठून आत गेले.

भाचीला वाटलं, चित्र अश्लील आहे म्हणून आजोबा चिडले. भाऊही तेच म्हणाला. मला मात्र त्यांच्या आवाजात राग ऐकू आला नाही. तो आवाज मी कधीतरी, फार लहानपणी, रात्री ऐकला होता.

पुण्याला परतल्यावर ते चित्र मी भाचीकडून मागवून घेतलं आणि कितीतरी वेळा पाहिलं. जेम्स गिलरेनं काढलेलं, १७९१ च्या डिसेंबरात हॅना हंफ्री या बाईंच्या दुकानातून विकलेलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं आणि मग एकेका प्रतीवर हातानं पाणरंग भरायचे, अशी तेव्हाची रीत होती. असली चित्रं दुकानाच्या खिडकीत लावली जायची. ज्यांना विकत घेणं परवडायचं नाही ते रस्त्यावर उभे राहून फुकट बघायचे आणि हसायचे. चित्राचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर ‘मान्सूनची चाहूल, अर्थात श्रीरंगपट्टणहून माघार’. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल आणि सेनापती कॉर्नवॉलिसनं कंपनी सरकारला कळवलं होतं की पाऊस लवकर आला, धान्य संपलं, म्हणून मागे फिरावं लागलं. गिलरेनं त्यातला पाऊस तेवढा उचलला आणि तो पाडायचं काम टिपूकडे दिलं. हा तोच कॉर्नवॉलिस, ज्यानं दहा वर्षांपूर्वी यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे शस्त्रं ठेवली होती. लंडनच्या माणसांना ते विसरता आलं नव्हतं. आपल्याच सेनापतीला शत्रूच्या मुतानं भिजवणारं चित्र राजधानीत उघड्यावर विकलं जातं, आणि काढणाऱ्याच्या दारावर त्या रात्री कोणी येत नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. अजून वाटतं. पण त्याच्या शेजारी काकांचे ते दोन शब्द येऊन बसायचे आणि हसू अर्ध्यात थांबायचं.

मग मी त्या माघारीबद्दल मिळेल ते वाचत सुटले. १५ मे १७९१ ला श्रीरंगपट्टणजवळ अरिकेरेला कॉर्नवॉलिसनं टिपूला मैदानात हरवलं होतं. लढाई जिंकली होती आणि किल्ला समोर दिसत होता. पण पोटात घालायला काही उरलं नव्हतं. वळवाचा पाऊस सुरू झालेला, जनावरांत साथ पसरलेली, तोफा ओढणारे बैल पटापट मरत होते. बैल संपले तिथं माणसांनी दोर खांद्यावर घेतले. फौजेमागून चालणारी गोरगरीब माणसं मेलेल्या बैलांचं सडकं मांस खाऊ लागली. त्यात देवी पसरली. दुसरी इंग्रज फौज घेऊन मलबारातून वर चढून आलेल्या ॲबरक्रॉम्बीची वाट बघत कॉर्नवॉलिस कण्णंबाडीपर्यंत सरकला आणि तिथं त्यानं हात टेकले. ॲबरक्रॉम्बीला परत जाण्याचा निरोप धाडला, २२ मेच्या सुमारास किल्ला फोडण्यासाठी आणलेल्या स्वतःच्याच अवजड तोफा स्वतःच निकामी करून टाकल्या आणि बंगळूरची वाट धरली.

हे वाचत होते त्याच्या आदल्याच आठवड्यात मी ऋषीची भाजी खाल्ली होती. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, एवढं मला आईनं सांगितलं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही. परसातलं, हातानं खणून लावलेलं तेवढंच त्या दिवशी चालतं. वर्षभर ज्यांच्या मानेवर जू असतं त्यांची एक दिवस आठवण. आणि त्याच दुपारी तासगावच्या रस्त्यावर मी त्या उंच रथाचे दोर शेकडो माणसं ओढताना बघितले होते. अनवाणी पाय, दंडावरच्या तट्ट फुगलेल्या शिरा, एका लयीत निघणारा मोरयाचा गजर. आनंदानं ओढलेला दोर आणि उपाशीपोटी चिखलातून तोफेसाठी ओढलेला दोर यांची मी एरवी कधी सांगड घातली नसती. आता ते डोळ्यांसमोर एकत्रच येतात. गिलरेच्या चित्रात हे ओझं ओढणारे हात मला सापडले नाहीत.

कण्णंबाडी म्हणजे आजचं कृष्णराजसागर. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथं गेलो होतो. वृंदावन बागेतली रंगीत कारंजी, ओले झालेले फ्रॉक, भाजलेल्या शेंगांची पुडी, आणि परत निघताना बसमध्ये दोघी हरवल्या म्हणून बाईंचा चढलेला आवाज, एवढंच त्यातलं आठवतं. त्या पाण्याशेजारी उभं राहून आपण कशाच्या काठावर उभे आहोत ते मला ठाऊक नव्हतं.

आणि मग या गोष्टीत आमची माणसं येतात.

कॉर्नवॉलिसची फौज परत निघाली त्याच सुमारास, २६ मेला, समोरून घोडेस्वार येताना दिसले. इंग्रजांना वाटलं टिपूचेच आहेत, म्हणून चकमकीला सुरुवातही झाली. तेवढ्यात कळलं की हे मराठे. टिपूविरुद्ध इंग्रजांना सामील झालेले पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन, मोठी फौज आणि भरलेला बाजार घेऊन. निरोप घेऊन निघालेले जासूद टिपूच्या माणसांनी वाटेतच पकडले होते, त्यामुळे मदत इतकी जवळ आल्याचा पत्ता कॉर्नवॉलिसला नव्हता. चार-पाच दिवस आधी कळलं असतं तर त्या तोफा वाचल्या असत्या. भाऊंचे सात-आठ महिने धारवाडच्या वेढ्यात गेले होते, तो किल्ला एप्रिलमध्ये हाती आला आणि मग ते दक्षिणेला निघाले. उपाशी इंग्रज फौज मराठ्यांच्या बाजारावर तुटून पडली. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सनं त्या बाजाराचं वर्णन केलं आहे, आणि ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तिथं विलायती बनात होती, बर्मिंगहॅमचे चाकू होते, काश्मिरी शाली होत्या, कोणीतरी वापरून टाकलेले कपडे होते. बैल, मेंढ्या, कोंबड्या होत्या, अगदी कोकणातली सुकी खारवलेली मासळीसुद्धा होती. सराफांनी उघड्यावर पाटांवर देशोदेशीची नाणी पसरून ठेवली होती. अस्सल पाणीदार हिरे होते, आणि लुटल्या गेलेल्या कुठल्यातरी गावातल्या गरीब मुलीच्या कानातलं चांदीचं डूल होतं.

ते डूल माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या तासगावच्या गणपतीच्या देवळाला सात मजली गोपुर आहे. महाराष्ट्रात असं गोपुर क्वचित दिसतं, म्हणून पाहुणा आला की आम्ही त्याला अभिमानानं ते दाखवायला नेतो. परशुरामभाऊंनी कर्नाटकातल्या मोहिमांत पाहिलेलं मनात धरून ते बांधवलं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. मीही पाहुण्यांना तेच सांगत आले. पण त्याच १७९१ साली भाऊंच्या फौजेसोबतच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शारदामठ लुटला, आणि देवीची पुन्हा प्रतिष्ठापना करायला टिपूनं पैसा आणि सामान धाडलं, तिथल्या स्वामींना आदरानं पत्रं लिहिली. ती पत्रं पुढे मठातच सापडली. हे मी मोठेपणी वाचलं तेव्हा चार दिवस कोणाशी बोलले नव्हते. गोपुर मला आजही तितकंच सुंदर वाटतं. ऋषिपंचमीला त्याच्याकडे मान वर करून पाहिलं की गळा दाटतो, तो खोटा नाही. पण आता त्या दगडांकडे बघताना कोणत्या गावातून, कोणाच्या कानातून, असं मनात येतं, आणि तेही खोटं नाही. दोन्ही घेऊन मी देवळाच्या पायऱ्या चढते.

काकांचा प्रश्न होता, कुठल्या भिंतीवर? विल्क्सच्याच ग्रंथात मला भिंती सापडल्या. श्रीरंगपट्टणच्या मोठ्या रस्त्यांवर घरांच्या भिंतींवर टिपूनं इंग्रजांची पुरुषभर उंचीची थट्टेची चित्रं काढवून घेतली होती. एकात थरथर कापणाऱ्या इंग्रजाला वाघानं धरलंय. एकात घोडेस्वार एका घावात दोन इंग्रजांची मुंडकी उडवतोय. एकात कमरेला दोर बांधून आणलेला अर्काटचा नवाब महंमद अली खुर्चीत बसलेल्या इंग्रजाच्या पायाशी लोटांगण घालतोय. आणि लोकांची आवडती चित्रं वेगळीच होती, ती सभ्य माणसानं लिहून सांगण्याजोगी नाहीत असं म्हणून विल्क्स पुढे जातो. म्हणजे गिलरेनं जे लंडनला काढलं त्याचे भाऊबंद श्रीरंगपट्टणच्या भिंतीवर आधीपासून उभे होते. १७९१ साली कॉर्नवॉलिस जवळ येऊ लागला, खजिना आणि जनाना हलवण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि टिपूनं ही सगळी चित्रं पुसायचा हुकूम सोडला. साऱ्या शहरभर चुन्याचा हात फिरला. ज्यानं पुसलं त्याला काही आठवड्यांनी कॉर्नवॉलिसची पाठ दिसली, आणि आणखी काही महिन्यांनी, त्याच्या नकळत, समुद्रापलीकडे कोणा अनोळखी माणसानं त्याला त्याच तटावर नेऊन उभं केलं. टिपूला ते कधी कळलं असेल असं मला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी भाचीबरोबर श्रीरंगपट्टणला गेले होते. दर्या दौलत बागेतल्या महालाच्या भिंतीवर १७८० च्या पोल्लिलुरच्या लढाईचं प्रचंड चित्र आहे. हैदर आणि टिपूनं कर्नल बेलीच्या फौजेचा धुव्वा उडवला ती लढाई. चौकोनी व्यूहाच्या मधोमध बेली पालखीत बसलाय आणि बोट तोंडात घालून हताश बघतोय. एका शाळेची मुलं आली होती. त्यांनी ते बोट हेरलं आणि सगळी मुलं आपापली बोटं तोंडात घालून एकमेकांकडे बघून हसत सुटली. मला त्यांचं हसणं फार आवडलं. हे चित्र श्रीरंगपट्टण जिंकल्यावर इंग्रजांनी पुसलं नाही, उलट रंग उडाले तेव्हा पुन्हा रंगवून घेतलं. तोवर टिपू मेला होता. त्या भिंतीची भीती बाळगायचं कारण त्यांना उरलं नव्हतं.

आता काकांची गोष्ट. ती मला आईनं सांगितली, तीही मी चाळिशीला आल्यावर.

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. रांगोळी, गणपतीची आरास, लग्नातल्या पत्रिकांवरचे मोर, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ओढ्याकाठच्या सामाईक जमिनीवर तालुक्यातल्या एका वजनदार माणसाचा डोळा होता. एका मेच्या दुपारी तो दोन जीपगाड्या भरून माणसं घेऊन ताबा घ्यायला आला. गावातली माणसं बांधावर उभी राहिली. बायका पोरंसुद्धा. काय झालं असतं सांगता येत नाही, पण तासाभरात वळीव कोसळला. आमच्याकडची काळी माती भिजली की पाय सोडत नाही. जीपगाड्या आसापर्यंत रुतल्या. त्या माणसाला धोतर गुडघ्याच्या वर धरून, वहाणा मातीत सोडून, अनवाणी डांबरी रस्त्यापर्यंत चालत जावं लागलं. गाव बांधावरून बघत होतं. त्याच रात्री काकांनी आमच्या वाड्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कोळशानं चित्र काढलं. गुडघ्याएवढ्या चिखलात धोतर सावरणारा माणूस, पुढे काढलेलं भलंमोठं नाक, आणि त्याच्या वहाणा बेडकांनी पायांत घातलेल्या. ते बेडूक मला नीट आठवतात. सकाळी भिंतीपुढे जत्रा भरली. तीन दिवस गाव हसत होतं. त्यापूर्वी कित्येक वर्षं त्या माणसाचं नाव घेतलं की गावात आवाज खाली यायचे. त्या तीन दिवसांत ते पहिल्यांदा मोकळे झाले. काकांनी केलं ते योग्यच केलं, असं मी आजही म्हणते.

चौथ्या दिवशी कोणीतरी निरोप आणला की तो परत येणार आहे. रात्री मला जाग आली तेव्हा बाहेर बादलीची कडी वाजत होती आणि काका दबक्या आवाजात कोणाला तरी म्हणत होते, “पुसून टाक. तो कोपरा राहिला, तोही पुसून टाक.” सकाळी भिंत पांढरीशुभ्र होती.

तो आला नाही. काकांना कोणी बोटही लावलं नाही. ते मास्तर होते, आमच्या घराला गावात मान होता. पण चित्र काढताना कंदील आमच्या सालगड्यानं धरला होता आणि चुनाही त्यानंच कालवला होता. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत. पंधरा दिवसांनी उसाच्या फडात त्याला एकटं गाठून मारलं. त्याच्या उजव्या कानानं पुढे कधीच ऐकू आलं नाही. काका त्याला हाक मारताना आवाज फार चढवायचे. मला वाटायचं, काका याच्यावर सारखे का रागावतात? पुढे वीस वर्षं तो आमच्याकडे होता, आणि त्या वीस वर्षांत मी काकांना माणसाचं चित्र काढताना पाहिलं नाही. मोर, कमळं, गणपती, बस्स. शाळेच्या फळ्यावर मुलं हट्ट करायची, सर आमचं तोंड काढा. काका खडू खाली ठेवायचे.

गिलरेचं चित्र पुन्हा उघडलं तेव्हा मी तारखा ताडून बघत होते. श्रीरंगपट्टणची बातमी जहाजानं आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोचायला महिने लागले. डिसेंबरात खिडकीपुढे माणसं हसत होती, तेव्हा इकडे कॉर्नवॉलिस डोंगरी किल्ले एकामागून एक घेत निघाला होता. नंदीदुर्ग ऑक्टोबरात पडला होता, सावनदुर्ग २१ डिसेंबरला पडला. फेब्रुवारी १७९२ मध्ये तो पुन्हा श्रीरंगपट्टणपुढे येऊन उभा राहिला, या वेळी भरपूर धान्य आणि धडधाकट बैल घेऊन. मार्चमध्ये तह झाला. टिपूचं निम्मं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाख रुपये खंडणी ठरली आणि त्याचे दोन लहान मुलगे ओलीस म्हणून इंग्रजांच्या छावणीत गेले. त्या राज्यातला वाटा पेशव्यांनाही मिळाला. मग लंडनच्या चित्रकारांनी त्या दोन मुलांना हात पुढे करून जवळ घेणारा प्रेमळ कॉर्नवॉलिस रंगवला. कितीतरी जणांनी, मोठमोठ्या तैलचित्रांत. लघवीच्या धारेखाली भिजणारा तोच माणूस. मला ती प्रेमळ चित्रं बघवत नाहीत. दोन्हींतून एक निवडायचं तर मी गिलरेचंच घेईन. त्यात निदान तो पळतो आहे, आणि पळाला होता हे खरं आहे.

पण कंदील धरणारा कोणत्याच चित्रात नाही. काकांच्याही नव्हता.

दिवाळीला गावी गेले तेव्हा संध्याकाळी अवकाळी आला. आम्ही ओसरीवर होतो. भाचीनं विचारलं, “आत्या, त्या भिंतीला तेवढाच पत्रा का ठोकलाय? बाकी भिंत तर मोकळी आहे.” मी लहान होते तेव्हा तिथं पत्रा नव्हता. तिथं कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असायच्या. गोठा मागच्या अंगाला, वैरणीची जागाही मागेच, तरी दर वर्षी मृगाच्या आधी काका थोड्या पेंढ्या पुढे आणून त्या भिंतीला टेकवून ठेवायचे. आई म्हणायची, भिजून कुजतो तो कडबा. काका ऐकायचे नाहीत. चुना वाळला की पांढरा दिसतो, पण ओला झाला की त्याच्या आतलं दिसू लागतं, हे मी त्या वर्षीच्या पहिल्या पावसात पाहिलं होतं. पेंढ्या यायच्या आधी. भिंत भिजत होती आणि तिच्यातून हळूहळू एक नाक वर येत होतं, मग धोतराचा सोगा, मग खाली एक बेडूक. मी टाळी वाजवली होती. मागून येऊन काकांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते.

मी भाचीला काही सांगायच्या आत काका आतून आले. खांद्यावर टॉवेल टाकून पावसातच अंगणात उतरले, भिंतीपाशी गेले आणि पत्र्याचा खालचा कोपरा सुटला होता तो दगड लावून घट्ट बसवला.